जांभळ्या टोपणाची नळी

उलबोसिनला ‘बहुतेक’ हा शब्द चालत नसे. मत्स्यबीज केंद्रात कुणी नवा माणूस आला आणि ‘बहुतेक मादी असावी’ असं बोलून गेला, की ती चष्म्यावरून त्याच्याकडे अशी बघे की बिचारा पुढचं वाक्य गिळूनच टाकी. मासा नर तरी असतो नाहीतर मादी तरी, बहुतेक नावाचा प्राणी झायिक नदीत राहत नाही, असं ती ठणकावून सांगायची. आणि हे तिलाच शोभायचं. कारण स्टर्जन हा मासा मोठा आतल्या गाठीचा. नर असो की मादी, तेच लांब नाक, त्याच मिशा, पाठीवर हाडाच्या चकत्यांची तीच रांग. पोट मोठं दिसतंय म्हणावं, तर ते नुसत्या चरबीनंही सुटतं. त्यातून बेलुगा, म्हणजे या जातीतला सगळ्यात दांडगा, त्याची मादी वयात यायलाच एखाद्या मुलीला लग्नाची होईपर्यंत लागतात तितकी वर्षं घेते, आणि एकदा अंडी टाकली की पुढची कित्येक वर्षं त्या वाटेला जात नाही. मग समुद्रातून नदीत चढलेल्या अशा माशाच्या पोटात यंदा गाबोळी आहे की नाही, हे कुणी सांगावं?

उलबोसिन सांगायची. शेपटीच्या मुळाशी खालून सुई घालायची, नळीभर रक्त काढायचं, ते यंत्रात गरगरा फिरवायचं आणि वर जे निवळ पाणी येतं त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघायचा. मादीनं गाबोळी धरली की तिचं यकृत अंड्यांसाठी खाऊ शिजवायला बसतं, तो खाऊ रक्तातूनच अंड्यांकडे जातो आणि जाताना भरपूर कॅल्शियम बरोबर घेऊन जातो. म्हणून अशा मादीच्या रक्ताचा रंग गडद उतरतो आणि नराचा फिका. पोट खोटं बोलेल, कोळी तर बोलतोच बोलतो, रक्त बोलत नाही, हे तिचं आवडतं वाक्य. ते ऐकून ऐकून आमच्या सगळ्यांचे कान किटले होते, पण ते खोटं ठरवायची संधी तिनं कुणाला दिली नव्हती.

तिचा बाप नदीच्या मुखाशी मासेमारी करायचा. लागोपाठ मुलीच झाल्यावर त्यानं हिचं नाव उलबोसिन ठेवलं, म्हणजे ‘मुलगा होवो’. आमच्याकडे अशी नावं ठेवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. नाव फळलंही. हिच्या पाठीवर भाऊ आला, मेंढी कापली गेली, गाव जेवलं, आणि जिच्या नावावर तो आला तिला बाहेर मासे खारवायला बसवलं. ‘मी म्हणजे भावाच्या नावाची आगाऊ पाटी,’ असं ती हसत सांगायची. पण त्याच पाटीनं पुढं हट्टानं शाळा पुरी केली, अतिराउ शहरात जाऊन प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन नदीकाठच्या या केंद्रात रुजू झाली.

तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन मादी तयार करायची, आणि अंडी सुटी झाली की डोक्यात दणका घालून तिला पोटापासून उभी फाडायची. गाबोळी घमेल्यात, मांस खानावळीत. नव्या उलबोसिनला घमेलं धरायचं काम दिलं होतं. ती रडली नाही, चिडली. इतकी वर्षं खपून नदीनं वाढवलेली बाई तुम्ही एका सकाळीत संपवता, असं तिनं तिथल्या मुरलेल्या लोकांना तोंडावर सुनावलं, आणि त्यांनी तिला घमेलं नीट धरायला सांगितलं. पुढं आतल्या आत बारीक छेद देऊन जिवंत मादीची अंडी दाबून काढायची युक्ती आली, तेव्हा सगळ्यात आधी ती शिकून आली उलबोसिन. जुन्यांनी नाकं मुरडली, निम्मी गाबोळी आतच राहते म्हणाले. राहू दे, ती म्हणाली, तिचीच आहे. शेवटी त्यांना तिचं ऐकावं लागलं, आणि त्यानंतर आमच्या केंद्रात मादी मारली गेली नाही.

दुसरा नियमही तिचाच. पोटात गाबोळी आहे का आणि कितपत तयार आहे हे बघायला एक पोकळ सळई असते. पोटाच्या बाजूनं खुपसायची आणि चार दाणे बाहेर काढायचे. काम बिनचूक, पण गार पाण्यात ती जखम लवकर भरत नाही, तिथं बुरशी धरते. एका वसंतात ज्यानं त्यानं येऊन खात्री करून घेतली आणि त्या खात्रीपायी चांगले मासे हकनाक मेले. तेव्हापासून आधी रक्त, मग सळई. रक्तानं मादी म्हटलं तरच सळई लावायची, नर म्हटलं तर माशाला ओरखडाही न पाडता नदीत परत सोडायचं. हा नियम साहेबालाही मोडता येत नसे.

मासे आणून देणाऱ्या होडीचा म्होरक्या कुआन्दिक, हा तिचा धाकटा दीर. म्हणजे नाव त्याचं कुआन्दिक, पण उलबोसिनच्या तोंडून ते कधी निघालं नाही. सासरच्या माणसांची नावं सुनेनं घ्यायची नसतात, तिनं त्यांना आपल्या मनानं दुसरं काहीतरी नाव द्यायचं असतं. नवी नवरी असताना तिनं पाहिलं, की हा पोरगा गादीवर लोळून पाणीसुद्धा हातात मागतो. तिनं त्याला ‘मिर्झा’, म्हणजे अमीरजादा, करून टाकलं. आता मिर्झाच्या मिशा पांढऱ्या झाल्या, तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. या मिर्झाचा वहिनीवर असा विश्वास, की दुसऱ्या होड्यांवरच्या लोकांशी तो तिच्या शब्दावर पैजा मारायचा आणि जिंकायचा.

आणि घरात सून होती, बालनूर. मुलगा तेलाच्या विहिरींवर पाळीनं जायचा, बालनूर तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. हुशार पोर. दवाखान्यात डॉक्टरसुद्धा तिला विचारून पुढं जात, असं कुणीकुणी सांगत. घरात मात्र सुनेसारखी सून. मोठ्यांसमोर वाकायची, खालच्या आवाजात बोलायची, चहा ओतायची आणि चुलतसासरा घरात आला की कोपऱ्यात सरकायची. उलबोसिनचा तिच्यावर जीव होता आणि तो ती हुकूम सोडून दाखवायची. इतकी वर्षं आपण याच रीतीनं राहिलो, आपलं कुठं काय बिघडलं, असं तिचं साधं सरळ मत होतं.

त्या वसंतात हेपारिन संपलं. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधी ज्याचा थेंब फिरवतात ते औषध. शहरातून यायचं ते येईना. उलबोसिननं जेवताना त्या लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बालनूर काही बोलली नाही, पण थोड्याच दिवसांनी तिनं एक खोकं आणून ठेवलं. जांभळ्या टोपणाच्या नव्या कोऱ्या नळ्या. मुदत संपत आली म्हणून दवाखान्यानं टाकायला काढल्या होत्या, ती मागून घेऊन आली. आत आधीच औषध लावलेलं, रक्त गोठायचं नावच नाही. उलबोसिननं एक नळी उजेडात धरली आणि माशांच्या नशिबी एवढं ऐश्वर्य कधी आलं नव्हतं असं म्हणाली. बालनूर दारात घुटमळली. सासूला ती आपा म्हणायची.

“आपा, पण या नळ्या पेशी मोजायच्या रक्तासाठी असतात. तुमच्या त्या तपासणीला…”

“रक्ताचं मला शिकवतेस होय? जा, चहा टाक.”

रागानं नाही, लाडानंच म्हणाली. बालनूर गेली आणि तिनं चहा टाकला.

आता या वसंतावर काय काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. दोन वर्षं बेलुगाची एकही मादी हाताला लागली नव्हती. दुसऱ्या जातीचे स्टर्जन येत होते, पण बेलुगाच्या पिलांसाठी बांधलेली मोठी शेड रिकामी पडली होती. यंदाही तशीच राहिली, तर तिथं कार्प मासे पाळायचे असं वरून ठरलं होतं. कार्प चांगला मासा आहे, पण तो कुठल्याही डबक्यात होतो. उलबोसिन शरद ऋतूत निवृत्त होणार होती. तिला निरोप समारंभ नको होता, शाल नको होती. तिला त्या शेडच्या टाक्यांत एकदा बेलुगाची पिलं वळवळताना बघायची होती. एवढंच हवं होतं आणि ते तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नदीलासुद्धा.

एका सकाळी मिर्झाच्या जाळ्यात बेलुगा आला. दोन माणसं डोक्याला पाय लावून झोपली तर होतील एवढा लांब. आमच्याकडे असे मासे भोकाच्या होडीतून आणतात. होडीच्या मधल्या खणाला बाजूंनी भोकं पाडलेली असतात, नदीचं पाणी आतबाहेर खेळत राहतं आणि मासा नदीतच असल्यासारखा येतो. धक्क्यावर सगळं केंद्र जमलं. माशाला ताडपत्रीच्या झोळीत घेताना त्यानं शेपटीचा असा फटका दिला, की मिर्झाचा एक माणूस सरळ हौदात जाऊन पडला. लोक हसले. उलबोसिन हसली नाही. तिनं सुई पहिल्या झटक्यात बरोबर शिरेत घातली.

रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत गेलं, फिरलं, निवळलं. तिनं औषधाचे थेंब टाकले आणि वाट बघितली. रंग आलाच नाही. म्हणजे इतका फिका, की नराच्या रक्तातही तिनं असा कधी पाहिला नव्हता. बाहेर माणसं खोळंबली होती, झोळीतल्या माशाचा जीव घाबरा होत होता. तिला वाटलं, नळ्या चांगल्या आहेत म्हणून निकाल इतका स्वच्छ आलाय. ती दारात आली आणि म्हणाली, “नर.”

नर केंद्रात हवे तेवढे होते. मिर्झानं टोपी मागंपुढं केली, माशाला परत भोकाच्या होडीत घातलं आणि खाली मुखाच्या बाजूला सोडून येतो म्हणून निघाला. वहिनीनं सांगितल्यावर विचारायचं काय राहिलं?

दुपारी ती जेवायला बसली, पण तो फिका रंग डोळ्यांसमोरून हलेना. उठून परत प्रयोगशाळेत आली. अर्धी नळी उरली होती आणि अर्धवट काम टाकायची तिला सवय नव्हती. अंड्यांकडे जाणाऱ्या त्या खाऊत फॉस्फरस आणि प्रथिनंही भरपूर असतात, म्हणून तिनं तीही बघितली. फॉस्फरसचा रंग बघता बघता काळानिळा झाला. प्रथिनं इतकी, की ते पाणी काचेवरून ओघळताना दाट दिसत होतं. उलबोसिन स्टुलावर टेकली. फॉस्फरस पोटुशीचा आणि कॅल्शियम मुडद्याचं. एवढं कमी कॅल्शियम असलं तर काळीज चालत नाही, अंगाला पेटके येतात, आणि हा मासा तर सकाळी एका बाप्याला उचलून आपटतो. म्हणजे मासा ठीक आहे. रक्तही ठीक आहे. मग तिची नजर त्या जांभळ्या टोपणावर गेली.

तिनं बालनूरला फोन लावला आणि त्या नळीत आत नक्की काय लावलेलं असतं ते विचारलं. मग बालनूरनं हळूच सांगितलं, की आत एक मीठ असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पेशी मोजायला त्याचा अडथळा होत नाही. कॅल्शियम मोजायला गेलं तर ते सापडतच नाही.

उलबोसिनला आता कळलं. ज्या एका मादीसाठी दोन वर्षं डोळे लावून बसलो, तिला आपण आपल्या तोंडानं नर म्हणून हाकलून दिलं. पुढं मुखाशी चोरांचे गळ टांगलेले. त्यात सापडली तर काळ्या गाबोळीसाठी तिचं पोट फाडतील आणि नाही सापडली तरी ती पुन्हा या नदीत येईल तेव्हा उलबोसिन इथं नसणार. तिनं मिर्झाला फोन लावला. तो पाण्यावर असला की फोन डब्यात ठेवतो, हे ठाऊक असून लावला. मग बालनूरला सांगितलं, जशी आहेस तशी गाडी घेऊन ये.

मुखाकडे जाणाऱ्या प्रत्येक होडीला नदीच्या वळणावरच्या तपासणी नाक्यावर थांबावं लागतं. बर्फ वितळून रस्त्याचा नुसता चिखल झालेला. बालनूर दात आवळून गाडी हाकत होती. उलबोसिन मांडीवर सळई आणि भिंगाची पेटी धरून बसली होती. होडी नाक्यावरच होती, कागद नुकतेच तपासून झाले होते. मिर्झा आणि त्याची माणसं काठावर चहा पीत बसली होती. उलबोसिनचा जीव भांड्यात पडला. तो अर्धाच पडला होता हे तिला लगेच कळायचं होतं.

ती उतरून तरातरा खाली गेली आणि म्हणाली, मासा परत न्यायचा, ती मादी आहे, माझी चूक झाली.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग एकजण हसला, प्रेमानंच. मिर्झानं कप खाली ठेवला, उठला आणि तिला बसायला स्वतःचा कोट अंथरला.

“वहिनी, तुम्ही दमलात.”

“मी दमले नाही. मी चुकले.”

“तुम्ही आणि चुकलात? इतक्या वर्षांत मी तुमचा शब्द खाली पडलेला पाहिला नाही. तुम्हीच सकाळी नर म्हणालात. मादी हवी म्हणून आता जीव वेडा झालाय तुमचा, मला कळत नाही का? मलाही हवी होती.”

तिनं नळीचं समजावून सांगितलं. मीठ, कॅल्शियम, फॉस्फरस सगळं सांगितलं. तो मान डोलावत होता, तापलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं तसा. ती म्हणाली, मग सळई लावू दे, आत्ता कळेल. तिथं तो अडला. आधी रक्त, मग सळई, हे तुम्हीच आम्हाला मारून मुटकून शिकवलंत, रक्तानं नर सांगितलंय आणि नराच्या पोटात मी सळई घालू देणार नाही. उद्या शुद्धीवर आलात की तुम्हीच माझी कातडी सोलाल. तिनं सांगितलं, चल परत, पुन्हा रक्त काढते. तर म्हणाला, सकाळपासून दोनदा झोळीत घातलाय, आणखी ओढाताण केली तर मासा दगावेल, हेही तुम्हीच सांगता. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. एकेक वाक्य तिचंच होतं.

उलबोसिन उभी राहिली. रागवायचं तरी कुणावर? आयुष्यभर तिनं आपला शब्द असा दगडासारखा घडवला होता, की आता तो तिलाच हलवता येईना. माणसं कप विसळायला लागली. एकजण दोर सोडायला गेला.

तिनं वळून वर पाहिलं. बालनूर गाडीपाशीच थांबली होती. चुलतसासरा आणि परकी माणसं खाली असताना ती काठावर येणार नव्हती.

“बालनूर, खाली ये.”

ती आली, सासूच्या मागं अर्धं अंग लपवून, मान खाली घालून उभी राहिली.

“नळ्या आणल्यास त्या दिवशी मला काय म्हणालीस, ते यांना सांग.”

बालनूरनं मान हलवली. “मला काय कळतंय आपा. मी माणसांचं रक्त बघते. मीच काहीतरी चुकीचं सांगितलं असेल.”

पोरीनं सासूची अब्रू झाकली होती. घरात तिला हेच शिकवलं होतं आणि शिकवणारी समोर उभी होती. उलबोसिनला त्या क्षणी तिची माया आली आणि स्वतःची लाजही वाटली. दोर सुटत आला होता.

“तुला सून म्हणून बोलावलं नाही. नर्स म्हणून बोलावलंय. खरं बोल, आणि यांना ऐकू जाईल असं बोल.”

बालनूर बोलली ती जमिनीकडे बघूनच, पण आवाज दवाखान्यातला होता.

“आपांची चूक झाली. त्या नळीत कॅल्शियम दिसत नाही. मी त्यांना त्याच दिवशी सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं नाही. चहा टाक म्हणाल्या.”

दोर सोडणारा तसाच थांबला. आमच्याकडे सून असं बोलत नाही. चार चौघांत तर नाहीच, आणि चुलतसासऱ्यासमोर तर विचारायलाच नको. एखादीनं मनात आणलं तरी जीभ उचलत नाही, कारण त्यानंतर त्या घरात तिला किती दिवस कोण काय ऐकवेल याचा नेम नसतो. मिर्झा बालनूरकडे बघत राहिला. तिनं दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले होते. फॉस्फरसनं जे त्याला पटलं नव्हतं, ते त्या हातांनी पटवलं. एवढी किंमत मोजून कुणी खोटं बोलत नाही.

“दोर बांध,” तो आपल्या माणसाला म्हणाला. “वहिनी, सळई काढा.”

चौघांनी होडीच्या खणात उतरून माशाला कुशीवर कलतं धरलं. उलबोसिननं कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून पोटाच्या बाजूला, चकत्यांच्या रांगेजवळ बोटानं जागा चाचपली, सळई तिरकी घातली, फिरवली आणि बाहेर काढली. सळईच्या खोबणीत दाणे होते. करडे, टपोरे, ज्वारीच्या दाण्याएवढे, एकाला एक चिकटून बसलेले. मिर्झानं तोंडावर हात मारून घेतला. एवढ्यावर खूश होईल ती उलबोसिन कसली? गाबोळी आहे, पण तयार आहे का? तिनं नाक्यावरच्या शिपायांची किटली मागून घेतली, दाणे उकळून टणक केले, पात्यानं मधोमध कापले आणि भिंगाखाली धरले. आतला केंद्रकाचा ठिपका सरकत सरकत अगदी कडेला येऊन ठेपला होता. म्हणजे इंजेक्शनला तयार. आणखी थोडे दिवस नदीत तशीच राहिली असती, तर अंडी आतल्या आत विरून गेली असती.

पुढचं सगळं रीतसर झालं. मादी परत आली, एक दिवस विसावली, इंजेक्शन दिलं, अंडी सुटली. उलबोसिननंच आत छेद दिला आणि दाबून गाबोळी काढली, निम्मी आत ठेवली. नदीच्या गाळात घोळवून अंड्यांचा चिकटपणा काढला आणि ती उबवणीला लावली. थोडी सावरल्यावर मादी पुन्हा नदीत गेली तेव्हा मिर्झानं तिला चोरांच्या गळांच्या पार पुढं, खोल समुद्रापर्यंत पोचवलं. पिलं निघाली. कार्पवाल्यांना दुसरीकडे जागा बघावी लागली.

पण गोष्ट अडते ती त्या दिवशी नाक्यावरून परतताना. होडी पुढं निघाली होती. गाडीत उलबोसिन भिजून चिंब झालेली, हातात भिंग तसंच. बालनूर किल्ली फिरवायला तयार नव्हती. ती समोर काचेकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“आपा, रागावणार का मला?”

“रागावणार तर. एकदाच का सांगितलंस? मी ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस?”

बालनूरनं डोळे पुसले. आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा, या वेळी कुणी न सांगता, ती खरं बोलली.

“दुसऱ्यांदा सांगायची सोय तुमच्या घरात कुठं आहे?”

उलबोसिन ओल्या बाह्या पिळत बसली, खाली वळणावर होडी दिसेनाशी होईपर्यंत. तिला बरंच काही आठवत असावं, सुनेचंही आणि स्वतः सून होती तेव्हाचंही. मग तिनं भिंग पेटीत ठेवलं आणि कडी लावली.

“नव्हती,” ती म्हणाली. “आजपासून आहे. काढ आता गाडी.”